टिकलीखालचं कपाळ

“ही नको गं. तुझ्या कपाळावर आहे ना, तसली दे,” जगतापकाकू म्हणाल्या.

असं दिवसातून दहा जणी म्हणायच्या. मी सवयीनं कपाळावरची मरून टिकली नखानं सोलली आणि बोटाच्या टोकावर धरून काकूंपुढं केली. “ही बघा. कडेनं बारीक सोनेरी रेघ आहे. लांबून कळत नाही, पण लावली की चेहरा उठून दिसतो.”

काकूंनी टिकलीकडं बघितलंसुद्धा नाही.

“अगंबाई! हे काय झालंय तुझ्या कपाळाला?”

माझा हात कपाळाकडं गेला. बोटाला ओलं लागलं.

“काही नाही काकू. थंडीनं जरा खाजतंय.”

“थंडीनं? अगं, मधे पांढरं पडलंय. चांगलं चार आण्याएवढं.” काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मते खाली. दुकानात आणखी तीन बायका होत्या, तिघींनीही माना वळवल्या. “कोड तर नव्हे?”

काकूंच्या डाव्या हातात सहा बांगड्या भरून झाल्या होत्या, सहा राहिल्या होत्या. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो हळूच मागं घेतला. “राहू दे, उरलेल्या मी घरी भरते.” काचेच्या बांगड्या घरी बसून आपल्या हातानं भरणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. कागदात गुंडाळून दिल्या. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, असं मनाशी म्हटलं. दुपारीच झालं.

पडद्याआड आत्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण पडदा काही हलला नाही.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. करमाळ्यात आमचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान. ही गोष्ट शहाण्णव सालची, संक्रांत पंधरा दिवसांवर आली होती आणि मामांना जाऊन चार वर्षं झाली होती. मामा होते तोवर काउंटरला आत्या बसायच्या, आणि काय बसायच्या! हातात हात घेतला की बाई नको म्हणता म्हणता डझनभर बांगड्या भरून जायची. मामा गेले आणि चौदाव्या दिवशी आत्या पडद्यामागं गेल्या. विधवेनं सुवासिनीला बांगडी भरायची नाही, टिकलीचं पाकीट तिच्या हातात द्यायचं नाही. असं कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगावं लागतं थोडंच! त्या आतून माल काढून पडद्याखालून सरकवायच्या, मी बाहेर बायकांच्या हातात द्यायची. गावात त्यांचं मोठं कौतुक. रीतीची बाई, म्हणायचे.

मला बाहेर बसवलं त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, “शैला, बायका पाकिटातली टिकली बघत नाहीत, दुसरीच्या कपाळावरची बघतात. तुझं कपाळ ही आपल्या दुकानाची पाटी.”

झालं. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. नवा माल आला की आधी माझ्या कपाळावर. लग्नाला पाच वर्षं झालेली, पाळणा हललेला नव्हता, घरात माझं म्हणावं असं एवढंच होतं, त्या काउंटरमागची ती जागा. तिथं मी कुणीतरी होते.

खाज सुरू झाली दोन वर्षांपूर्वी. आधी नुसतं लाल व्हायचं. ते दिसू नये म्हणून मी जरा मोठी टिकली लावली. मोठीखाली मोठं लाल झालं. मग त्याहून मोठी. मुगाएवढ्या टिकलीपासून मी रुपयाएवढीपर्यंत आले आणि बायका म्हणायच्या, “शैलाला काय शोभते बाई मोठी टिकली!” अक्कल गहाण टाकली होती म्हणा ना. तुरटी लावली, कोरफड लावली, कडुलिंबाचा पाला वाटून लावला. रात्री झोपेत खाजवायची, सकाळी नखांत रक्त. झोप अशी होतच नव्हती. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि साठीची असल्यासारखी थकले होते. आज खरंच साठीजवळ आहे, पण तेवढा थकवा आज नाही.

जगतापकाकू येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटी एसटीनं बार्शीला गेले. तिथं कातडीचे एक डॉक्टर होते, वयस्क, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी भिंग घेऊन कपाळ बघितलं.

“कोड आहे का हो?” मी विचारलं.

“कोड नाही. टिकलीच्या मागं जो चिकट लेप असतो, त्यातलं केमिकल तुमच्या कातडीला सोसत नाही. त्यानंच खाज, त्यानंच रंग गेलाय. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. टिकली बंद करा, बहुधा रंग परत येईल. लावत राहिलात तर डाग वाढेल.”

“मग कुंकू लावू?”

“सध्या तेही नको. बाजारच्या कुंकवात कसला रंग असतो कुणाला ठाऊक. लिपस्टिक, पावडर, काहीच नको. सहा महिने कपाळ मोकळं ठेवा.”

“मोकळं?”

“मोकळं.”

“डॉक्टर, माझं टिकल्यांचंच दुकान आहे.”

त्यांनी चष्मा काढला आणि ते हसले. हसणंही दमलेलंच. “बाई, पेढेवाल्याला मधुमेह होत नाही का? तसंच हे.” मग म्हणाले, “घरच्यांचा विश्वास बसला नाही तर एक टिकली दंडावर लावा. दोन दिवस ठेवा आणि काढून दाखवा.”

मी तेच केलं. दोन दिवसांनी दंडावरची टिकली काढली. खाली गोल, लालभडक, पुरळ उठलेलं. अविनाश, म्हणजे आमचे हे, पाटावर जेवत होते. मी दंड त्यांच्यापुढं धरला.

“बघा. कपाळाचं काही नाही. टिकलीचंच आहे.”

ह्यांनी बघितलं, घास गिळला आणि म्हणाले, “मग दंडावर लावू नकोस.”

आत्या चुलीजवळ भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, दंडाकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं होतं, त्या आकांडतांडव करतील. करत्या तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्या काहीच बोलल्या नाहीत. मनात म्हटलं, म्हातारी पोराच्याच बाजूची, दुसरं काय!

“संक्रांत होऊ दे,” हे म्हणाले. “आता सगळ्या बायका चुडा भरायला येणार, वाणाला टिकल्या नेणार. तू मोकळ्या कपाळानं बसलीस तर कोण येईल आपल्याकडं? रथसप्तमी झाली की सहा महिने काय, वर्षभर ठेव मोकळं.”

“ह्यांच्या जिवाला काही होतं का टिकली नाही लावली तर?” मी आत्यांना विचारलं. मुद्दामच विचारलं. त्या पुढची भाकरी थापू लागल्या.

मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या कपाळानं काउंटरला बसले, मंगळसूत्र पदरावर मुद्दाम काढून. तीन दिवस बसले. त्या तीन दिवसांत मला कळलं की बाईच्या गळ्याकडं कुणी बघत नाही. ओळखीच्या बायका दारापर्यंत यायच्या, मला बघायच्या आणि “मागनं येते गं” म्हणून समोरच्या दुकानात जायच्या. तिसऱ्या दिवशी जेऊरकडची एक म्हातारी आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी.

“पोरी, एवढ्या लहान वयात! काय झालं होतं गं त्याला?”

हे माझ्यामागं उभे राहून चहा पीत होते.

मी बोलायच्या आत त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढं आले. “आजी, मी तिचा नवरा. धडधाकट आहे.” म्हातारीनं त्यांना खालून वर बघितलं, मग माझ्याकडं असं बघितलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग हे काय अवदसा आठवलीय तुला?” म्हणाली आणि निघून गेली.

मला हसू फुटलं. खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. त्यांना खरंच लागलं होतं. वाईट माणूस नव्हता हो तो. गावानं त्याला जिवंतपणी तीन दिवस मेलेला धरला होता, कुणाला सोसेल?

“लाव बाई ती टिकली,” ते म्हणाले. रागावूनसुद्धा नाही, नुसतं म्हणाले. “हात जोडतो.”

मी मधला मार्ग काढायला गेले. लिपस्टिकनं बारीक ठिपका काढून बघितला. अर्ध्या तासात कपाळ असं पेटलं की मोरीत जाऊन पाण्याखाली डोकं धरलं. भुवया रंगवायच्या पेन्सिलीनं काढला, तर एक बाई म्हणाली, “तिथं काहीतरी काळं लागलंय गं.” असले सगळे खेळ झाले.

भोगीचा दिवस उजाडला. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस. सकाळी आरशासमोर उभी राहिले. कपाळावरची खपली नुकती धरायला लागली होती, कडेनं कातडी जरा शांत झाली होती. मी सगळ्यात मोठ्या मरून टिकलीचं पाकीट फोडलं. रडले नाही. रडायला अंगात ताकद लागते. मनात म्हटलं, मरू दे, डाग तर डाग, पडू दे आख्ख्या कपाळावर, पण रोजची ही कटकट नको. आणि लावली. खपलीवर लेप बसला तेव्हा दात एकमेकांवर घट्ट धरले.

मागं आत्या उभ्या होत्या. आरशात दिसल्या. दुकानाच्या किल्ल्या उचलून चालू लागल्या.

दहाच्या सुमाराला दुकान असं भरलं की पाय ठेवायला जागा नाही. टिकली बघून बायका परत आल्या होत्या. “झालं का गं बरं?” “दृष्ट लागली होती म्हण ना!” आणि जगतापकाकू आल्या, बरोबर त्यांची नवी सून. पहिली संक्रांत, काळी साडी घेऊन झाली होती, हिरवा चुडा भरायचा होता. काकूंनी माझ्या कपाळाकडं नीट बघून घेतलं आणि मगच सुनेचा हात माझ्या हातात दिला.

“हं, आता कशी लक्ष्मीसारखी दिसतेस. भर हिला चुडा.”

मी पहिली बांगडी पोरीच्या बोटांवरून सरकवत होते आणि टिकलीखालून काहीतरी पाझरून नाकाच्या शेंड्याकडं येत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. थेंब काचेच्या काउंटरवर पडला. पिवळसर, त्यात लाल रेघ. नव्या सुनेनं तो बघितला. पोर चांगली होती, तिनं नजर वळवली.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

चार वर्षांत आत्या गिऱ्हाइकांसमोर आल्या नव्हत्या. त्या सरळ माझ्यापर्यंत आल्या, एका हातानं माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखानं माझ्या कपाळावरची टिकली ओढून काढली. मग आपल्या पांढऱ्या पातळाचा पदर घेऊन माझं कपाळ पुसलं. एकदा, दोनदा. भर दुकानात, भोगीच्या दिवशी, पंधरा-वीस सुवासिनींच्या समोर, एका विधवेनं आपल्या सुनेचं कपाळ पुसलं.

आमच्याकडं बाईचं कपाळ असं एकाच दिवशी पुसतात.

जगतापकाकू किंचाळल्या, “अहो आत्याबाई! पोरगा जिवंत आहे ना तुमचा! स्वतःच्या हातानं सुनेचं कुंकू पुसता?”

“कुंकू नाही पुसलं,” आत्या म्हणाल्या. “चिकटवलेलं काढलं.”

“अवदसा आठवली म्हणायची!” काकूंनी सुनेचा हात खेचला. एक बांगडी चढलेली, बाकीच्या काउंटरवर. बायका भराभरा बाहेर पडायला लागल्या. एकीनं जाता जाता कडाकडा बोटं मोडली.

“शैला, आत जा,” आत्या म्हणाल्या. मी गेले. पडद्याआडून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, अगदी शांत. “ज्यांना माझ्या हातून चालतं त्यांनी थांबा. नसेल चालत त्यांनी समोर जा, तिथंही चांगला माल आहे.”

तीन बायका थांबल्या. एवढ्या गर्दीतल्या तीन.

मी रिकाम्या खोक्यांवर बसून ओक्साबोक्शी रडले. कपाळासाठी नाही. मला वाटलं, हिनं सूड उगवला. स्वतःची जागा गेली, ती माझ्याकडून परत घेतली, तीसुद्धा मला सगळ्यांसमोर पांढऱ्या कपाळाची करून. इतकी वर्षं रीतीची बाई म्हणवून घेतलं आणि पोटात हे होतं. माहेरी जायचं ठरवलं. कुठल्या पेटीत काय भरायचं इथपर्यंत ठरवलं.

थोड्या वेळानं हे धावत आले, कुणीतरी सांगितलं असणार. “आई, डोकं फिरलंय का तुझं? मी मेलोय का?”

“नाही,” आत्या म्हणाल्या. “म्हणूनच. जा, घरी जाऊन जेव. तिळाची भाकरी झाकून ठेवलीय.”

“लोकांना काय सांगू मी?”

“सांग, आईनं केलं. माझ्यावर ढकल, मला सवय आहे.”

हे गेले. दुपारी दोनला आत्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत आल्या. हातात वाटीत कोमट पाणी, कापूस आणि बार्शीच्या डॉक्टरांचं मलम. ते मी घरी फळीवर टाकलं होतं. म्हणजे सकाळी निघतानाच त्यांनी ते बरोबर घेतलं होतं.

“मला हात लावू नका,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाल्या आणि वाटी माझ्याजवळ ठेवून समोरच्या खोक्यावर बसल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि चेहरा खिडकीकडं केला. “हे बघ.”

मी बघितलं. लग्नाला पाच वर्षं, एका घरात, एका दुकानात, आणि मामा गेल्यापासून मी त्यांचं कपाळ कधी नीट बघितलं नव्हतं. विधवेच्या कपाळाकडं कोण बघतं? बरोबर मधोमध एक डाग होता, रुपयाएवढा, कडा काळपट, मधे पांढरा.

“मामांनी पहिल्यांदा टिकल्यांची पाकिटं आणली तोवर मी मेणावर पिंजर, कोरडं कुंकू, लावायची,” आत्या म्हणाल्या. “त्यानं कधी काही झालं नाही. टिकली लावायला लागले आणि हे सुरू झालं. नऊ वर्षं. मामांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, सौभाग्य कधी खाजतं का? मग पुन्हा नाही सांगितलं. तू झोपेत खाजवतेस ना, भिंतीपलीकडं मला ऐकू येतं. तो आवाज मला पाठ आहे.”

“मग मी बार्शीहून आले तेव्हा का नाही बोललात?” माझा आवाज चढला. “दंड दाखवला तेव्हा? तीन दिवस मी एकटी बसले बाहेर!”

“तोंड उघडेना.” त्यांनी हाताच्या रेघांकडं बघितलं. “ते बोलायचं म्हणजे पुढचंही बोलावं लागणार.”

“पुढचं काय?” मी विचारलं.

“मामा गेले तेव्हा बायकांनी माझं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं शैला, देवाशपथ सांगते. माणूस चांगला होता, बत्तीस वर्षांचा संसार होता. तिसऱ्या दिवशी मला जाग आली तर उन्हं अंगणात आलेली. मी रात्रभर झोपले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा रात्रभर. कपाळ गार होतं, कुठं खाज नाही, काही नाही. अवी आणि सगळी माणसं माझ्या नवऱ्याच्या अस्थी सावडायला गेली होती, आणि इकडं अंथरुणात पडल्या पडल्या मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की मी देवाला हात जोडले आणि मग माझी मलाच भीती वाटली.”

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं आणि वाट बघून गेलं.

“लोक म्हणतात, रीत पाळायला पडद्यामागं बसली. कसली रीत! मला बायकांच्या कपाळाकडं बघवत नव्हतं. प्रत्येकीची टिकली बघितली की वाटायचं, हिला कळतंय. नवरा मेल्यावर बरं वाटलेली बाई, हिला माझ्या तोंडावर दिसतेय. आज सकाळी आरशापुढं तू ती टिकली दाबून लावलीस. दात धरून. मी तश्शीच लावायची.”

मीच वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कापूस पाण्यात बुडवला, माझ्या कपाळावरून फिरवला, सावकाश, बोट न लागू देता. मग मलम लावलं. लावून झालं तरी त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

“माझं जे व्हायचं ते झालं,” आत्या म्हणाल्या. “तू मात्र नवरा जिता असताना बरी हो.”

आणि शटर वर करायला उठल्या.